नर्सिंग ट्यूटर म्हणून नव्याने रुजू होताय? वर्ग आणि वॉर्ड सगळ्यांचा कसा करायचा

ट्यूटर किंवा क्लिनिकल इन्स्ट्रक्टर म्हणून रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात रोटेशन प्लॅन, हजेरीपट आणि लॉगबुकांचा गठ्ठा हातात पडतो. वर्गात नंदुरबारमधल्या धडगावची पावरा आदिवासी मुलगी असते, बीडच्या ऊसतोड घरातला मुलगा असतो, नागपूरच्या बौद्ध वस्तीतून, मालेगावातून, कोट्टायमहून आलेल्या मुली असतात. वॉर्डातले रुग्णही तितकेच वेगवेगळे. या मुलांकडून कुणा रुग्णाचा अपमान होऊ नये आणि त्यांचाही कुणी करू नये, हे कसं सांभाळायचं याचा कागद मात्र कुणी देत नाही. माझी बरीच वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी मेडिसिन आणि प्रसूती वॉर्डात विद्यार्थी शिकवण्यात गेली. त्यातून जे उपयोगी पडलं ते क्रमाने लिहिते.

आधी कल्पना थोडक्यात. मेलानी टर्व्हालॉन आणि जॅन मरे-गार्सिया या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी १९९८ साली 'सांस्कृतिक नम्रता' हा विचार मांडला. तोवर भर होता तो सक्षमतेवर: अमुक समाजाचे लोक काय खातात, काय मानतात, याची माहिती मिळवा आणि तयार व्हा. या दोघींचं म्हणणं असं की दुसऱ्याची संस्कृती पाठ करून संपत नाही. स्वतःला पुन्हा पुन्हा तपासणं, रुग्णाच्या आणि आपल्या ताकदीतला फरक ओळखून तो कमी करणं, आणि लोकांशी बरोबरीचं नातं ठेवणं हे आयुष्यभराचं काम आहे. न्यूझीलंडमध्ये इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी (तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या) नर्सने त्याच्याही आधी सांगितलं होतं की सेवा सुरक्षित वाटली की नाही हे सेवा घेणाऱ्याने ठरवायचं. तिथल्या नर्सिंग कौन्सिलने १९९२ साली हा 'सांस्कृतिक सुरक्षितते'चा विषय नर्सिंगच्या शिक्षणात आवश्यक केला.

आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमात पहिल्याच सेमिस्टरला समाजशास्त्र आहे. मॅडेलिन लेनिंगर यांचा ट्रान्सकल्चरल नर्सिंगचा, म्हणजे रुग्णाची संस्कृती लक्षात घेऊन सेवा देण्याचा सिद्धांतही मुलं लिहितात, मार्क मिळवतात. आणि दुपारी वॉर्डात हँडओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्ण सोपवताना म्हणतात, "पेशंट अडाणी आहे, ऐकत नाही." माझं ठाम मत आहे की हा विषय मुलं पुस्तकातून उचलत नाहीत. ट्यूटर आपल्याशी कशी वागते आणि आपल्यादेखत रुग्णाशी कशी बोलते, हे बघून उचलतात. त्यामुळे खालच्या पायऱ्यांपैकी पहिल्या दोन तुमच्यासाठीच आहेत. त्या गाळून थेट तिसरीवर गेलात तर हाती काही लागणार नाही.

सुरुवातीला काय जवळ हवं

- कॉलेजचा हिस्टरी टेकिंग आणि केस स्टडीचा छापील फॉरमॅट, शक्यतो वर्ड फाइलमध्ये, म्हणजे बदलता येईल.
- रोटेशन प्लॅन आणि त्याच्या शेजारी सणांचं कॅलेंडर. दिवाळी, गणपती सगळ्यांना माहीत असतात. नंदुरबारकडच्या आदिवासी मुलांसाठी होळी हा वर्षातला सगळ्यात मोठा सण आहे हे लिहून ठेवा. रमजान, १४ एप्रिल, पर्युषण, नाताळ हेही.
- एक जाड वही, शब्दांसाठी. तिचं काम पाचव्या पायरीत येईल.
- मराठी आणि हिंदीतले संमतीपत्राचे नमुने. इंग्रजी संमतीपत्रावर अंगठा घेण्याची सवय मुलांना लागू देऊ नका.
- अँटी रॅगिंग समिती, अंतर्गत तक्रार समिती आणि समान संधी कक्ष यांच्या सदस्यांची नावं आणि फोन. यादी जुनी असेल तर प्राचार्यांकडून नवी करून घ्या.
- अॅट्रॉसिटी कायदा १९८९, दिव्यांग हक्क कायदा २०१६, एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ आणि तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा २०१९ यांच्या प्रती. संपूर्ण वाचायला वेळ नसेल तर निदान आरोग्यसेवा आणि शिक्षणसंस्था यांच्याविषयीची कलमं वाचा.

१. आधी स्वतःचं असाइनमेंट शीट तपासा

मनात डोकावून पाहा वगैरे सल्ल्याने काही होत नाही. कागद तपासा. मागच्या महिनाभराची वॉर्ड असाइनमेंट शीट्स समोर घ्या आणि रंगीत पेनाने खुणा करा: डेमॉन्स्ट्रेशन कुणाला दिलं, ग्रुप लीडर कोण झालं, डॉक्टरांच्या राउंडला केस कुणी सांगितली, बेडपॅन आणि मृतदेहाची शेवटची तयारी कुणाच्या वाट्याला आली. इंग्रजी बोलणारी चार मुलं पुढे आणि तीच तीन आडनावं बेडपॅनला, असं चित्र दिसलं तर तुम्ही ते मुद्दाम केलेलं नसलं तरी मुलांना दिसतं. ज्यांच्या वाट्याला येतं त्यांना तर पहिल्या आठवड्यातच दिसतं. उपाय सोपा आहे. सगळी कामं रोल नंबरप्रमाणे फिरती ठेवा आणि तक्ता भिंतीवर लावा.

नर्सिंगला हा प्रश्न नवा नाही. मलमूत्र, रक्त, परक्याचा देह याला हात लावायचा म्हणून 'वरच्या' म्हणवणाऱ्या घरांनी आपल्या मुली फार काळ या पेशात पाठवल्याच नाहीत. ज्यांनी हे काम उचललं त्यांना वर हिणवलं गेलं. बेडपॅन देणं हे नर्सिंगचं मूळ काम आहे हे वर्गात स्पष्ट बोला आणि वर्षातून अनेकदा ते मुलांसमोर स्वतः करा. वॉर्डातल्या मावशी आणि मामांना (मदतनीस कर्मचाऱ्यांना) तुम्ही कशी हाक मारता, त्यांना चहाला बसवता का, हेही मुलं पाहत असतात.

दुसरी तपासणी जिभेची. जनरल वॉर्डात "ए आजी, सरक तिकडे" आणि स्पेशल रूममध्ये "काकू, जरा या कुशीवर होता का?" हा फरक आपल्या तोंडात आहे का? सगळ्यांना अहो-जाहो, सगळ्यांना ताई, दादा, मावशी, बाबा. पारधी समाजाच्या रुग्णाच्या पिशवीकडे संशयाने पाहिलं जातं, हे मी अनेक वॉर्डांत पाहिलंय. पारध्यांसारख्या अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला, पण त्याची नजर अजून गेलेली नाही. अशा वेळी ट्यूटरने गप्प राहणं म्हणजे मुलांना तीच नजर शिकवणं.

२. वर्गाची ओळख करून घ्या, जात न विचारता

पहिल्या आठवड्यात एक साधा फॉर्म द्या. भरणं ऐच्छिक आहे आणि तो फक्त तुमच्याकडे राहील हे वर लिहा. त्यात इतकंच विचारा: कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, घरी कोणती भाषा बोलता, कोणत्या सणाला सुट्टी हवीच असते, खाण्यात काय चालत नाही, ऐकण्या-दिसण्याची किंवा तब्येतीची काही अडचण आहे का, घरापासून दूर पहिल्यांदाच राहताय का. ज्यांना सिकलसेल आहे, ज्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, अशी मुलं या फॉर्मवरून मला कळत आली. तोंडाने त्यांनी सहा महिने सांगितलं नसतं.

इथे सापळे बरेच आहेत आणि सगळे रोजचे आहेत.

"एससी, एसटीवाल्यांनी ऑफिसात या" अशी वर्गात हाक मारणं हा सगळ्यात वाईट. शिष्यवृत्तीचं काम असतं, हेतू चांगला असतो, पण साठ जणांसमोर मुलांची यादी तयार होते आणि तिथून हॉस्टेलच्या खोल्यांपर्यंत जाते. महाडीबीटीचे (सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलचे) अर्ज, जात वैधता प्रमाणपत्र, फ्रीशिप (फीमाफी) यांची सूचना सगळ्यांना एकत्र द्या आणि पुढचं काम एकेकट्याशी बोलून करा. वैधता प्रमाणपत्र अडकलं की फीचा तगादा सुरू होतो आणि मूल वर्गातून गायब होऊ लागतं. अशा वेळी ऑफिसात त्याच्यासोबत एकदा उभं राहिलात तरी फरक पडतो.

दुसरा सापळा: एखाद्या मुलीला तिच्या समाजाची प्रतिनिधी करणं. "तू सांग गं, तुमच्यात बाळंतिणीला काय देतात?" ती एकोणीस वर्षांची आहे, तिला माहीत असेलच असं नाही, आणि माहीत असलं तरी सगळ्यांसमोर सांगायचं नसेल.

तिसरा: बोलीवर हसणं. कुणी "काहून" म्हणतं, कुणी न-ण एक करतं. कुणाचा मराठी माध्यमातून येऊन फिजिऑलॉजीचं इंग्रजी पुस्तक वाचताना दम निघतो. पहिलं हसू येईल त्या क्षणी थांबवा, नंतर नाही. पहिल्या दोन सेमिस्टरला उत्तर मराठीत सांगायची मुभा द्या आणि इंग्रजी संज्ञा शेजारी फळ्यावर लिहा. समज आधी तपासायची, भाषा मागून येते.

भाषेवरून एक नियम ठरवून टाका. २०२१ च्या जूनमध्ये दिल्लीच्या जी. बी. पंत रुग्णालयात नर्सेसनी ड्युटीवर मल्याळम बोलू नये असं परिपत्रक निघालं, देशभर टीका झाली आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घ्यावं लागलं. माझा नियम असा: आपसात आपली भाषा खुशाल बोला, रुग्णाच्या खाटेजवळ त्याला कळेल तीच भाषा. आपल्याला न कळणाऱ्या भाषेत आपल्याबद्दल बोललं जातंय, ही भीती रुग्णाला वाटू नये एवढाच त्याचा हेतू. मग ती भाषा मल्याळम असो, पावरी असो की डॉक्टरांची इंग्रजी असो.

हॉस्टेल आणि मेस हे 'आपलं खातं नाही' म्हणून सोडू नका. खोल्या जिल्ह्याजिल्ह्याप्रमाणे किंवा आडनावं पाहून वाटल्या जातात का, अंडी खाणाऱ्यांचं टेबल वेगळं ठेवलंय का, हे महिन्यातून एकदा जाऊन बघा. २०१९ साली मुंबईत तडवी भिल्ल समाजातल्या एका तरुण डॉक्टरने पदव्युत्तर शिक्षण घेत असताना आत्महत्या केली. वरिष्ठांनी जातीवरून छळलं अशी घरच्यांची तक्रार होती. आपल्या कॉलेजात तसं काही नाही, असं मानून चालायचा हक्क त्यानंतर आपल्याला उरलेला नाही.

३. केस स्टडीचा फॉरमॅट बदला

हे एकच काम या वर्षी जमलं तरी पुष्कळ.

आपल्या फॉरमॅटमध्ये नाव, वय, लिंग, धर्म, शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न असे रकाने असतात. मुलं लिहितात, 'धर्म: हिंदू, व्यवसाय: मजूर', आणि पुढे सरकतात. यातून सेवेला काहीही मिळत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी रुग्णाचं आजाराविषयीचं स्वतःचं म्हणणं समजून घ्यायला काही प्रश्न सुचवले होते. ते मी आपल्या वॉर्डात चालतील असे करून फॉरमॅटला जोडले:

- तुम्हाला काय झालंय असं तुम्हाला वाटतं?
- हे आत्ताच का झालं असेल?
- यामुळे रोजचं काय अडलंय?
- इथे यायच्या आधी काय काय केलं, कुणाला दाखवलं?
- या दुखण्यात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?
- घरी निर्णय कुणाशी बोलून घेता?
- आम्ही काय केलं तर तुम्हाला बरं वाटेल, आणि काय करू नये?

चौथ्या प्रश्नाला मुलं हमखास फसतात. रुग्ण म्हणतो "देवाला जाऊन आलो" किंवा "भगताकडे नेलं होतं" आणि विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर नापसंती उमटते. रुग्ण तिथेच बंद होतो, मग त्याने कोणता काढा घेतला हेही कधी कळत नाही. हा प्रश्न विचारायचा सराव वर्गात जोडीने करून घ्या आणि सांगा, चेहरा साधा ठेवून "अजून काय दिलं होतं?" एवढंच विचारायचं.

एक उदाहरण मुलांसमोर नक्की ठेवा. ऊसतोड कामगार बाई ओटीपोटाच्या दुखण्याने दाखल आहे. फॉरमॅटमध्ये 'व्यवसाय: मजूर'. डिस्चार्जला विद्यार्थिनी सांगते, "जड उचलू नका, आराम करा, स्वच्छता ठेवा." ही बाई नवऱ्यासोबत एक कोयता म्हणून, म्हणजे दोघं मिळून मजुरीचं एकच एकक म्हणून मोजली जाते. मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) डोक्यावर आहे, एक दिवस बुडाला तर खाडा भरावा लागतो, फडावर संडास नाही आणि पाणी दूर. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणं हेच तिचं काम. बीडमध्ये मोठ्या संख्येने ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्याचं २०१९ साली गाजलं, विधिमंडळापर्यंत गेलं. अशा बाईला "आराम करा" म्हणणं म्हणजे तिचं काहीच न ऐकणं. मुलांना विचारा: हंगाम कधी संपतो? तोवर कोणतं काम नवरा किंवा जाऊ करू शकेल? फडाजवळ कोणतं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे? पाळीच्या कपड्यासाठी तिथे पाणी कुठून येईल? पिशवी काढायचा सल्ला कुणी दिला तर सरकारी दवाखान्यात दुसरं मत कसं घ्यायचं, हे तिला कोण सांगेल? या प्रश्नांची उत्तरं घेऊन लिहिलेला डिस्चार्ज प्लॅन आणि छापील प्लॅन शेजारी ठेवा. फरक समजावून सांगावा लागत नाही.

४. अंगाला हात लावण्याआधी विचारायची सवय

ऑपरेशनच्या आधी मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या, तुळशीची माळ, ताईत, लहान मुलाचा करदोडा काढायचा असतो. कात्री चालवायच्या आधी तीन वाक्यं: का काढायचं, कोण काढणार, काढलेलं कुठे राहील. वारकऱ्याची माळ काही वेळा टेपने मनगटाला किंवा पायाला बांधता येते. ओटीच्या सिस्टरना विचारून पाहिल्याशिवाय "चालत नाही" म्हणू नका. नांदेडकडे शीख रुग्ण पुष्कळ येतात. तयारी करताना केस काढायचे असतील तर आधी रुग्णाशी आणि सर्जनशी बोलणं, आणि जेवढे अत्यावश्यक तेवढेच. बुरखा किंवा हिजाब घेणाऱ्या बाईला तपासताना पडदा ओढणं, बाई कर्मचारी जवळ असणं हे तिने मागायची वाट पाहू नये. खरं तर हे प्रत्येक बाईसाठी करायचं.

खाण्याच्या आणि औषधाच्या वेळा हा वेगळा भाग. चौविहार पाळणारे जैन रुग्ण सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. रात्री नऊची गोळी ते मुकाट्याने उशीखाली ठेवतात आणि चार्टवर 'दिली' अशी सही होते. विचारलं तर कळतं, कळलं तर डॉक्टरांना वेळ बदलता येते का हे बघता येतं. मधुमेही मुस्लिम रुग्णाशी रमजान सुरू व्हायच्या आधी बोला. सेहरी आणि इफ्तारच्या हिशेबाने डोस बदलायचा की रोजे न ठेवण्याचा विचार करायचा, हा निर्णय त्याने डॉक्टरांशी बोलून घ्यावा यासाठी त्याला वेळ मिळाला पाहिजे. मात्र "मुस्लिम म्हणजे रोजे, जैन म्हणजे चौविहार" असा तक्ता मुलांच्या हातात देऊ नका. तक्ता हातात आला की ती विचारणं बंद करतात.

प्रसूती वॉर्डात पाचवीच्या पूजेसाठी डिस्चार्ज मागणारं कुटुंब दर आठवड्याला भेटतं. त्यांच्यावर वैतागण्यापेक्षा दाखल करतानाच विचारून ठेवा आणि बाळाला थांबवावं लागणार असेल तर आदल्या दिवशी कारण सांगा. चिकाचं दूध पिळून टाकणं आणि बाळाला गूळपाणी चाटवणं याविषयी बाळंतिणीशी एकटीशी बोलून उपयोग नसतो. आजी किंवा सासू खोलीत असताना, त्यांना मान देऊन बोला.

अजून एक गोष्ट, जी पुस्तकं सांगत नाहीत कारण त्यातली चित्रं गोऱ्या कातडीची असतात. आपल्या बऱ्याच रुग्णांच्या सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर प्रेशर अल्सरची (एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) पहिली लाली दिसत नाही. तिथे हात लावून उष्णता, कडकपणा, दुखणं तपासायला शिकवा. सायनोसिस (ऑक्सिजन कमी पडल्याने येणारा निळसरपणा) ओठांच्या आतल्या बाजूला आणि जिभेवर बघा, ॲनिमिया डोळ्याच्या खालच्या पापणीत आणि तळहातावर, कावीळ डोळ्याच्या पांढऱ्या भागात. पल्स ऑक्सिमीटर गडद त्वचेवर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, म्हणून आकडा चांगला आहे आणि रुग्ण दमतोय असं दिसलं तर रुग्णावर विश्वास ठेवा. सगळ्यांना सामावून घेणं म्हणतात ते इथे जीव वाचवतं.

५. गावातलं पोस्टिंग

कम्युनिटी पोस्टिंगला मेळघाट, धडगाव किंवा भामरागडच्या बाजूला जाणार असाल तर निघण्याआधी मुलांना एक गोष्ट सांगा: तिथल्या माणसाची मराठी ही त्याची दुसरी किंवा तिसरी भाषा आहे. कोरकू ही मुंडा गटातली, माडिया द्रविड कुळातली. मराठीशी नातंच नाही. तो हळू बोलतो म्हणजे त्याला कळत नाही असं नाही. आशा ताईंना सोबत घ्या, पण दुभाषी म्हणून घरातल्या लहान मुलाला वापरू नका. पाळी, गर्भपात, मारहाण याविषयी आई मुलाच्या तोंडून बोलणार नाही.

इथे ती जाड वही काढायची. दुखणं, ताप, पाळी, अंगावरून जाणं, चक्कर, जुलाब यांना त्या गावातल्या बाया काय म्हणतात ते त्यांच्याच उच्चारात लिहून घ्या, गावाचं नाव आणि तारीख घाला. शब्द सांगणारीला परत वाचून दाखवा. ही वही पुढच्या बॅचला द्यायची.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने आदिवासींना विचारून त्यांच्या वस्तीसारख्या झोपड्यांचा दवाखाना उभारला, नातेवाइकांना राहायला जागा ठेवली आणि दवाखान्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. मुलांना हे उदाहरण सांगताना त्यातली विचारण्याची क्रिया दाखवा. इमारत सगळ्यांना बांधता येत नाही, विचारता सगळ्यांना येतं.

आता अवघड भाग. मेळघाटात बाळाचं पोट फुगलं की पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देतात. गडचिरोलीत काही गावांत पाळीच्या दिवसांत बायांना कुर्माघरात (वेगळ्या झोपडीत) राहावं लागतं. मुलं विचारतात, "मॅडम, नम्र राहायचं म्हणजे हेही चालू द्यायचं का?" नाही. अपाय होत असेल तिथे बोलायचंच. पण आधी ऐका: चटके का देतात, कशाची भीती असते. मग आपल्याला काय वाटतं ते सांगा. दोन्हींत जे एक आहे ते मान्य करा, म्हणजे बाळ वाचावं असं दोघांनाही वाटतं. मग सल्ला द्या आणि शेवटी काय करायचं ते मिळून ठरवा. भूमकाला (गावातल्या पारंपरिक वैदूला) भेटून "पोट फुगलेलं बाळ आलं की आम्हालाही बोलवा" एवढं ठरलं तर ते आईला रागावण्यापेक्षा खूप मोठं काम आहे. चटके दिलेलं बाळ समोर आलं तर आईला एक शब्दही न बोलता आधी उपचार. कुर्माघराबाबत तिथल्या बायांनाच विचारा. कुणाला तो आराम वाटतो, कुणाला साप आणि पावसाची भीती. निदान रक्तस्राव जास्त झाला तर तिथून बाईला लगेच कसं हलवायचं हे गावाशी ठरवता येतं.

सक्त सूचना: आदिवासी घरात, बाळंतिणीसोबत, कुपोषित बाळासोबत फोटो काढून स्टेटसला ठेवायचे नाहीत. लॉगबुकसाठी फोटो लागतात असं मुलं म्हणतील. लॉगबुकमध्ये तक्ता आणि गावाचा हाताने काढलेला नकाशा चालतो.

६. ज्यांचा अनुभव आहे त्यांना शिकवायला बोलवा

वर्षातून दोन-तीन वेळा पुरे. गावातली अनुभवी दाई, तृतीयपंथी व्यक्ती, बहिरी व्यक्ती सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासह, एचआयव्हीसह जगणारं कुणी, स्वतः तयार असेल तर. त्यांना इतर पाहुण्या व्याख्यात्यांएवढंच मानधन द्या आणि त्यासाठी प्राचार्यांशी आधी भांडा. मुलांनी काय विचारायचं नाही हे आदल्या दिवशी ठरवा: शरीराविषयीचे कुतूहलाचे प्रश्न, "हे तुम्हाला कसं झालं?" असले प्रश्न बंद. चालणारा प्रश्न एकच: दवाखान्यात आमच्याकडून काय चुकतं?

त्या सत्रांतून दोन गोष्टी वॉर्डात लगेच आणा. तृतीयपंथी रुग्णाला नाव आणि कसं बोलावं हे विचारून त्याप्रमाणेच बोलायचं, आणि कोणत्या वॉर्डात सुरक्षित वाटेल हेही त्यांनाच विचारायचं. २०१९ च्या कायद्याने आरोग्यसेवेतला भेदभाव निषिद्ध आहे. आणि एचआयव्ही रुग्णाच्या खाटेवर किंवा केसपेपरवर लाल खूण, वेगळं ताट, दोन-दोन ग्लोव्हज हे ताबडतोब बंद. सगळ्या रुग्णांसाठी सारखीच काळजी घ्यायची हा नियम आपण पहिल्या वर्षाला शिकवतो, तोच इथे लागू.

७. मार्क कशाला द्यायचे

मुलं ज्याला मार्क आहेत तेच करतात, हे मान्य करून चला. ओएससीईमध्ये, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, एक स्टेशन या विषयाचं ठेवा. सहा-सात मिनिटं, समोर रुग्णाच्या भूमिकेत कुणीतरी. तपासणी यादीत हे मुद्दे: स्वतःचं नाव सांगितलं का, रुग्णाला कसं बोलावायचं ते विचारलं का, परवानगी घेऊन हात लावला का, रुग्णाचं स्वतःचं म्हणणं विचारलं का, शेवटी "मी सांगितलेलं नीट पोचलं का ते बघायचंय, तुम्ही घरी काय करणार ते मला सांगाल?" असं म्हणून रुग्णाच्या तोंडून परत ऐकलं का. शेवटचा मुद्दा निम्म्याहून जास्त मुलं विसरतात. त्याला मार्क वाढवा.

मननलेखन करून घ्या, पण भावनांना मार्क देऊ नका. "माझ्या मनात करुणा दाटून आली" असं सुंदर लिहिणारी मुलं तयार होतील. मी काय गृहीत धरलं होतं, रुग्णाने काय सांगितलं, त्यावरून सेवेत काय बदललं: तीन ओळी पुरेत. मार्क तिसऱ्या ओळीला.

८. तक्रार आली तर

विद्यार्थिनी दारात येऊन "मॅडम, थोडं बोलायचं होतं" म्हणाली तर हातातलं काम ठेवा. ती जे शब्द वापरेल तेच शब्द लिहा, तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं ते लिहा, तिला वाचून दाखवा आणि प्रत द्या. "आपसात मिटवून टाका", "करिअरचा विचार कर" ही वाक्यं तोंडातून निघू देऊ नका. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंध कायद्याप्रमाणे तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते. राष्ट्रीय अँटी रॅगिंग हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ हा नंबर हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर लावा. जातीवरून अपमान असेल तर समान संधी कक्ष आणि पोलीस हे दोन्ही रस्ते तिला सांगा; निवड तिची. लैंगिक छळ असेल तर थेट अंतर्गत तक्रार समिती. काय घडलं ते स्टाफरूममध्ये कुणालाही सांगू नका, चांगल्या हेतूनेही नाही.

एक प्रसंग वॉर्डात येणारच. रुग्ण किंवा नातेवाईक विद्यार्थिनीला विचारतो, "आडनाव काय तुमचं?" ती सांगते आणि मग तो म्हणतो, ड्रेसिंग दुसऱ्या सिस्टरला करू द्या. कधी मुस्लिम मुलीबाबत, कधी मुलगा आहे म्हणून, कधी ईशान्येकडची आहे म्हणून. बाई रुग्णाने अंगावरच्या तपासणीला ब्रदर (पुरुष नर्स) नको म्हणणं वेगळं, तो तिचा हक्क आहे आणि तो पाळायचा. जातीवरून किंवा धर्मावरून नकार असेल तर गुपचूप असाइनमेंट बदलू नका. तसं केलंत तर त्या मुलीला कळतं की तिची ट्यूटरही त्याच बाजूची आहे. खाटेजवळ स्वतः जा आणि शांतपणे सांगा, "या माझ्या विद्यार्थिनी आहेत, ड्रेसिंग चांगलं करतात, मी शेजारी उभी आहे." बहुतेक वेळा एवढ्याने होतं. नाहीच झालं तर वॉर्ड इन्चार्जना बोलवा, रुग्णाचं ड्रेसिंग अडू देऊ नका, आणि घडलेलं त्याच दिवशी लेखी नोंदवा. मग त्या मुलीला बाजूला घेऊन विचारा की उद्या त्याच खाटेवर राहायचं आहे की बदलून हवं आहे. ती सांगेल तसं करा, आणि आठवड्याने पुन्हा एकदा विचारा.